शामराव कोरान्न्यांचं इतर उत्पन्न

शामराव कोरान्ने यांनी एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही फॉर्मचा एकही रकाना कोरा सोडला नव्हता, आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना नेमकं तेच अंगाशी आलं.

फेब्रुवारीत त्यांच्या इंदौरच्या कचेरीत आयकराचं पत्रक फिरतं. पगार किती, कापला किती, वजावट किती. यंदाचं पत्रक नवीन होतं आणि त्यात तळाशी एक ओळ वाढली होती: ‘अन्य स्रोतों से आय’. खात्यात एकशे चौदा कर्मचारी. त्यांतल्या एकशे तेरा जणांनी त्या ओळीपुढे ‘निरंक’ असं लिहिलं. निरंक म्हणजे काही नाही. हा शब्द सरकारी दफ्तराबाहेर कोणी वापरत नाही, पण आत त्याच्यावाचून पान हलत नाही.

या एकशे तेरांपैकी एकाच्या बायकोच्या नावावर तीन ट्रक होते, आणि ती बाई ट्रकमध्ये कधी बसली नव्हती. दुसऱ्याच्या बायकोचा कोचिंग क्लास होता. तिसऱ्याची सासू वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी सिमेंटची एजन्सी चालवत होती. कोणाच्या मनात पाप नव्हतं. सरकारी नोकराने धंदा करू नये असा नियम आहे. सरकारी नोकराच्या बायकोने करू नये असा नाही, फक्त वर कळवायचं असतं. ते सगळ्यांनी कळवलेलं होतं.

शामरावांनी त्या ओळीपुढे लिहिलं, ‘हार्मोनियम मरम्मत एवं ट्यूनिंग, रुपये एक लाख बारा हज़ार चार सौ’. खाली सही, तारीख, आणि ‘उपरोक्त जानकारी सत्य है’ याच्याखाली पुन्हा सही.

ती रक्कम खरी होती. अठ्ठावीस वर्षं ते सुदामा नगरच्या घरातल्या मागच्या खोलीत संध्याकाळी आणि रविवारी पेट्या दुरुस्त करत होते. हे काम ते बडा गणपतीजवळच्या एका पेटीवाल्या उस्तादांच्या दुकानात बसून बसून शिकले होते. भजनी मंडळं, गाण्याचे क्लास, एखाद्या घरची आजेसासूची पेटी, असं गिऱ्हाईक. पूर्वी पैसे रोख यायचे, आता फोनवर यायला लागले होते, तेही थेट पगाराच्या खात्यात. दर जुलैत ते हा आकडा वकिलाकडून रिटर्नमध्ये दाखवत. म्हणजे आयकर खात्याला सगळं ठाऊक होतं. आपल्याच कचेरीला ठाऊक नव्हतं, कारण कचेरीने आजवर विचारलं नव्हतं. यंदा विचारलं, त्यांनी सांगितलं.

गंमत अशी की यंदा बारा लाखांपर्यंत कर माफ होता. पगार आणि पेट्या मिळून शामराव त्याच्या बरेच आत बसत होते. ज्या उत्पन्नावर सरकारला एक दमडी मिळायची नव्हती, ते त्यांनी सरकारला आपण होऊन लिहून दिलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्थापना शाखेच्या नंदूने त्यांना बोलावलं. नंदू शामरावांहून बावीस वर्षांनी लहान, पण अख्ख्या इमारतीचा ‘भिया’, म्हणजे इंदौरी दादा. सर्व्हिस बुकं त्याच्या कपाटात असायची.

“कोरान्ने साब, ये क्या लिख दिया आपने?”

“जे आहे ते.”

“अरे भिया, जो है वो कौन लिखता है फॉर्म में?”

“खोडून देऊ का?”

“अब क्या खोडोगे? ऑनलाइन चढ़ गया, ऊपर चला गया.” नंदूने खुर्ची जवळ ओढली. “देखो, नोटिस आएगा. उसका जवाब ढंग का गया तो ठीक. नहीं गया तो जाँच बैठेगी. और जाँच बैठी रही तो तीस जून को हार-फूल मिलेंगे, ग्रॅच्युटी नहीं मिलेगी. पेन्शन भी आधी-अधूरी. हमारे यहाँ जाँच बैठती है ना, तो फिर उठती नहीं है.”

ग्रॅच्युटीचं काय करायचं ते घरी ठरलेलं होतं. बायकोचे, प्रमोदिनीबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते. जिना त्या बसून उतरायच्या, एकेक पायरी, हातांवर भार देऊन. दवाखान्यात जुलैची नऊ तारीख घेऊन ठेवली होती, दोन्ही गुडघे एकदम बदलायला. डॉक्टरांनी आगाऊ रक्कम सांगितली होती, आणि ती रक्कम तीस जूनच्या आधी कोरान्न्यांच्या घरात कुठूनही येण्यासारखी नव्हती.

नोटीस आली. दोन पानी, ‘कारण बताओ’. शामरावांनी ती जागेवर बसून दोनदा वाचली. आता आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्यांना समजत होतं, आणि ते थोडा वेळ तिची वाट बघत बसले. ती काही आली नाही. दुपारचा चहा आला, तो घेतला. मग नोटिशीची झेरॉक्स काढली, मूळ प्रत फायलीला लावली आणि पाच वाजता घरी गेले. लोकांच्या अर्जांवर शिक्के मारण्यात घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. आजोबा मिलच्या टाइम ऑफिसात होते, वडील रेल्वेत पार्सल बाबू. स्वतःवर शिक्का बसायची वेळ आली तर काय वाटतं, याची माहिती घरात कोणाकडेच नव्हती.

त्यांची रिटर्न भरणारा नीरज दोन गल्ल्या सोडून, प्लायवुडच्या केबिनमध्ये बसायचा. आईवडील मराठी, वाढ इंदौरची, वकिलीची पदवी अलीकडची. नोटीस वाचून तो आधी हसला आणि मग शामरावांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

“काका, तुम्ही पण ना! ऑफिसला कोण सांगतं यार? इन्कम टॅक्सला सांगायचं. त्या दोघांची आपसात बोलचाल नाहीये.”

“पत्रकात विचारलं होतं.”

“विचारतात हो. ते तर ‘आप कैसे हैं’ पण विचारतात.” त्याने कागद पुढे ओढला. “आता एकच रस्ता आहे. धंदा काकूंचा. पेट्या काकू ठीक करतात. काकूंजवळ फोन नव्हता म्हणून पेमेंट तुमच्या खात्यात आलं. तुम्ही भोळेपणी आपलं समजून लिहून दिलं. बस.”

“आणि मागची रिटर्न? त्यात मी माझं म्हणून दाखवलंय.”

“मग? बायकोचं उत्पन्न आपल्यात धरून तुम्ही टॅक्स भरत होता. गलती झाली, पण सरकारच्या फायद्याची झाली. जास्त भरणाऱ्याला आजपर्यंत कोणी पकडलं नाही, काका.”

“पण पेट्या मी दुरुस्त करतो.”

नीरजने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं पोह्यांवर शेव नको म्हणणाऱ्याकडे बघतात. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, हे वाक्य आता तीस जूनपर्यंत बोलायचं नाही.”

घरी प्रमोदिनीबाई कैऱ्या किसत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि किसणी थांबवली नाही.

“लिहा माझं नाव. तुमच्या पेट्यांनी अठ्ठावीस वर्षं माझी मागची खोली खाल्ली. निदान नाव तरी लागू द्या.”

“खोटं आहे ते.”

“माझे गुडघे खरे आहेत ना?”

शामराव टेबलाशी बसले आणि त्यांनी चांगल्या सरकारी हिंदीत दीड पानाचं स्पष्टीकरण लिहिलं. प्रार्थी, सद्भावनापूर्वक, त्रुटिवश, अर्धांगिनी. पाऊण तासात झालं. खरं लिहिण्यापेक्षा खोटं लिहायला वेळ कमी लागतो, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं. खाली सही, तारीख.

उत्तर वर गेलं, वरून मे महिन्यात खाली आलं: खुलासा समाधानकारक, मात्र स्थल-सत्यापनाच्या अधीन. म्हणजे एक अधिकारी घरी येऊन बघणार होत्या की पेट्या खरोखर सौ. कोरान्नेच दुरुस्त करतात की कसं.

“ट्रकवाल्याच्या घरी कोणी गेलं नव्हतं,” शामराव नंदूला म्हणाले.

“उसने फॉर्म में निरंक लिखा था, भिया. आपने खुद बताया, इसलिए शक तो आप पे ही जाएगा ना.”

अकरा दिवस हातात होते. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून त्यांनी बायकोला पेटीला हात लावू दिला नव्हता. धूळ पुसताना सूर सरकतात, असं ते म्हणायचे. आता रोज संध्याकाळी ते तिला समोर बसवून शिकवू लागले. झाकण कसं काढायचं, आतल्या पितळी सुरपट्ट्या कशा ओळीने बसवलेल्या असतात, प्रत्येक पट्टीला एक बारीक जीभ कशी असते, भाता मारला की ती थरथरते आणि तोच सूर. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक हलक्या कानशीने खरवडायचं, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर मुळाशी खरवडायचं, म्हणजे उतरतो.

“उतरला तर टोकाला, चढला तर मुळाशी,” प्रमोदिनीबाई पोळ्या लाटताना म्हणायच्या. “उतरला टोकाला, चढला मुळाशी. हे उलटं का नाही हो? चढलेल्याचं टोक कापावं की नाही?”

“नाही.”

“तुमचे उस्ताद शिष्यांशी इतकंच बोलायचे?”

“ते बोलतच नसत. तेच काम परत करायला लावत.”

“मग तुम्ही बोला. परत मी काही करायची नाही.”

पण प्रमोदिनीबाईंचा कान चांगला निघाला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी डोळे मिटून तीन बेसूर पट्ट्या ओळखल्या. शामरावांना आपल्याला हे शिकायला दोन वर्षं लागली होती हे आठवलं. ते त्यांनी सांगितलं नाही. अडचण फक्त खाली बसण्याची होती. त्यासाठी त्यांनी एक बुटका स्टूल करून आणला.

सत्यापनाला अमिता मॅडम आल्या, संभागाच्या, म्हणजे विभागीय, कार्यालयातल्या, पन्नाशीच्या, सभ्य. बरोबर नंदू. मॅडमच्या हातात छापील नमुना होता. चटईवर एक पेटी मांडून ठेवली होती. गौतमपुऱ्याच्या भजनी मंडळाने ती बसमधून पाठवली होती, वरच्या सप्तकातला मध्यम उतरला म्हणून.

“मुझे संगीत का कुछ नहीं आता,” मॅडम म्हणाल्या. “आप करिए, मैं लिखती जाऊँगी. कोरान्नेजी, आप उधर कुर्सी पर बैठ जाइए.”

प्रमोदिनीबाई स्टूलकडे वळल्या.

“रोज़ स्टूल पर करती हैं?” मॅडमनी नमुन्यातून मान वर केली. “नहीं, वो फोटो में स्वाभाविक स्थिति आनी चाहिए. इसलिए पूछा.”

“नहीं नहीं, नीचे ही बैठती हूँ मैं तो,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि पलंगाचा पाया धरून खाली बसायला लागल्या. अर्ध्यात त्या थांबल्या. शामराव उठले. नंदूने डोळ्यांनीच त्यांना बसवलं. प्रमोदिनीबाईंनी ओठ मिटून उरलेला अर्धा प्रवास पूर्ण केला.

त्यांनी झाकण काढलं, नीट काढलं. पट्ट्यांवरून बोट फिरवून नेमका मध्यम धरला. जिभेखाली पातळ पत्रा सरकवला. शामरावांच्या मनात आलं की हिने हे आधीपासून केलं असतं तर बरी कारागीर झाली असती.

“कितने साल से कर रही हैं, आंटी?”

“अठ्ठावीस,” प्रमोदिनीबाईंनी मान वर करून सांगितलं, आणि मान परत खाली घालताना कानस मुळाशी टेकवली.

एक. दोन. तीन. त्यांनी भाता मारून बघितलं. मध्यम आधी उतरलेला होता, आता आणखी उतरला. त्यांनाही ऐकू आलं. आपण कमी खरवडलं असं त्यांना वाटलं असावं. त्या परत मुळाशी लागल्या.

शामराव खुर्चीवर होते, हात मांडीवर. एक शब्द बोलला की झालं असतं: टोकाला. शब्द दातांपर्यंत येऊन तयार होता. तो बाहेर पडला असता तर पेटी वाचली असती आणि बाकी सगळं गेलं असतं, कारण ज्याला पेटीतलं काही येत नाही तो माणूस असा शब्द उच्चारत नाही. ते गप्प राहिले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी आपल्यासमोर कोणाला एक पट्टी अशी मारू दिली नव्हती. आता ते घासे मोजत होते. सात. आठ. त्रास होत नव्हता. याचंच त्यांना थोडं आश्चर्य वाटलं, तेही लांबून, रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाचं वाटावं तसं.

सतराव्या घाशाला जीभ चिरली. प्रमोदिनीबाईंनी भाता मारला, मध्यम दाबला, आणि पेटीतून नुसता वारा बाहेर आला.

“हो गया?” मॅडमनी विचारलं.

प्रमोदिनीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हो गया.” आणि त्यांनी झाकण बसवून एक सरगम वाजवून दाखवली, खालच्या सप्तकात, जिथे सगळं ठीक होतं.

“वाह, भाभीजी!” नंदू म्हणाला.

“बहुत मधुर,” म्हणत मॅडमनी लिहिलं. फोटो काढला, त्यात जागा आणि वेळ आपोआप उमटली. कचोऱ्या झाल्या, चहा झाला. उठता उठता मॅडमना शेवटचा एक रकाना राहिलेला दिसला.

“कोरान्नेजी, आपको आता है ये काम? थोड़ा-बहुत?”

मागच्या खोलीच्या दारातून सहा पेट्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावर कानशी आकाराप्रमाणे टांगलेल्या होत्या, प्रत्येकीखाली शामरावांच्या अक्षरात क्रमांक.

“नहीं,” शामराव म्हणाले.

मॅडमनी लिहिलं, ‘पति को उक्त कार्य का कोई ज्ञान नहीं है.’ खाली दोघांच्या सह्या घेतल्या. शामरावांनी सही करण्याआधी सवयीने सगळं वाचून काढलं. भाषा निर्दोष होती.

ते लोक गेल्यावर प्रमोदिनीबाईंना चटईवरून उठता येईना. शामरावांनी मागून काखेत हात घालून उचललं. पलंगावर टेकल्यावर त्या म्हणाल्या, “मुळाशी गेलं ना?”

“हो.”

“कळलं मला. पण आठव्यांदा कळलं. तोवर त्या बघत होत्या, मग बदलू कशी? अठ्ठावीस वर्षांची कारागीर.” मग म्हणाल्या, “तुम्ही कसे गप्प बसलात?”

“बसलो.”

त्या गुडघे चोळायला लागल्या. “मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. मी मनात तयारी केली होती. नंदूला काय सांगायचं, सगळं.”

शामरावांनी जुन्या पट्ट्यांच्या डब्यातून एक मध्यम काढला, बसवला, लावला. पेटी दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याच्या बसमध्ये ठेवली. मंडळाकडून पैसे घेतले नाहीत. तेवढं एक कुठेही लिहायची गरज नव्हती.

जाँच बसली नाही. तीस जूनला हार-फूल मिळाले आणि ग्रॅच्युटीचा आदेशही मिळाला. भाषणात साहेब म्हणाले की कोरान्नेजी म्हणजे पारदर्शकता. एकशे तेरा जणांनी टाळ्या वाजवल्या. नऊ जुलैला दोन्ही गुडघे झाले. नीरजने धंदा रीतसर काकूंच्या नावावर केला, काकूंच्या फोनवर पैसे यायला लागले, आणि काकूंचं आयुष्यातलं पहिलं रिटर्न पुढच्या वर्षी भरायचं, असं त्याने आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

सप्टेंबरात ऋग्वेद नावाचा एक मुलगा पेटी घेऊन आला. नाशिकचा, इथल्या एका कंपनीत नोकरीला. इंदौरात मराठी बोलणारा पेटीवाला मिळाला म्हणून खूष होता. दार शामरावांनी उघडलं.

“काका, दुरुस्ती तुम्हीच करता का?”

शामराव आता कोणाचे नोकर नव्हते. कुठलाही नियम त्यांच्या आड येत नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “त्या करतात.”

प्रमोदिनीबाई वॉकर धरून आतून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मुलाला ती टेबलावर ठेवायला सांगितली. उभ्याउभ्याच दोन सप्तकं वाजवली. “दोन पंचम गेलेत आणि भात्याला भोक आहे. रविवारी या. बाराशे होतील.”

मुलगा गेल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, आता सांगत जा की खरं. रिटायर झालात.”

“रेकॉर्डवर तसं आहे,” शामराव म्हणाले. त्यांनी पेटी उचलली, मागच्या खोलीत नेली आणि आत गेल्यावर दार लोटून घेतलं.

रविवारी ऋग्वेदने बाहेरच्या खोलीत पेटी वाजवून बघितली. बराच वेळ वाजवत होता. मग म्हणाला, “काकू, काय हात आहे हो तुमचा!”

“पंचमाला वेळ लागला,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “तो टोकाला फार जपून खरवडावा लागतो.”

लोटलेल्या दारामागे शामरावांनी पुढच्या पेटीचं झाकण काढलं.